एका दुव्याचा फरक

मेहरूणच्या बोरांचे कौतुक जळगावकरांना सांगायला नको. दोन झाडांची बोरे एका टोपलीत घातली, तर काही गोल निघतील, काही लांबट. त्यांतील लांबट बोराला आपण रोगट म्हणत नाही. कीड लागलेले बोर निराळे आणि नुसते वेगळ्या घाटाचे बोर निराळे, हे लहान पोरालाही समजते. परंतु हाच प्रश्न मनुष्यदेहाविषयी निघाला, की आपला हा विवेक सुटतो. तपासणीच्या कागदावर ‘बदल आढळला’ एवढे दोन शब्द दिसले, की घरात चिंता शिरते. आणि ते घर अपत्याची वाट पाहणारे असेल, तर चिंतेबरोबर दोषारोपही शिरतो. म्हणून अशा एका बदलाची हकीकत आज आपण पाहू.

पुरुषाच्या शुक्रजंतूचे डोके लांबीला मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढे असते. एवढ्याशा जागेत पित्याकडून अपत्याला जाणारा सारा आनुवंशिक मजकूर भरलेला असतो. हा मजकूर डीएनए नावाच्या धाग्यावर असतो, आणि एका शुक्रजंतूतील सर्व धागे सरळ करून टोकाला टोक जोडले, तर त्यांची लांबी जवळजवळ एक मीटर भरेल! मग तो मावतो कसा?

याचे उत्तर खानदेशच्या माणसाला चटकन उमगेल. सरकी काढलेली रुई मोकळी ठेवली तर खोली भरते. तीच प्रेसमध्ये दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळली, की तिची आटोपशीर गाठ होते. शरीराच्या इतर पेशींत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. शुक्रजंतू तयार होताना यांतील बहुतेक रिळे काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची छोटी प्रथिने येतात. तीच ही प्रेस. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फ्रीडरिख मीशर या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये ऱ्हाईन नदीतील सामन माशाच्या शुक्रजंतूंत प्रोटामिनचा शोध लावला.

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची साखळी. माणसाच्या पहिल्या प्रोटामिनच्या साखळीत, प्रारंभीचा दुवा धरून, अवघे ५१ दुवे आहेत. आणि त्यांपैकी २४ दुवे एकाच ॲमिनो आम्लाचे, अर्जिनिनचे, आहेत. अर्जिनिनवर धन विद्युत्‌भार असतो, डीएनएच्या धाग्यावर ऋण. दोहोंचे आकर्षण होते आणि धागा घट्ट दाबला जातो. सिस्टीन नावाचे दुसरे दुवे गंधकाचे टाके घालून ही गाठ पक्की करतात.

आता मुद्द्याकडे येऊ. काही माणसांत या साखळीचा ३४ वा दुवा अर्जिनिनचा नसून सेरिनचा असतो. जनुकातील एकच अक्षर बदलले, म्हणून एकच दुवा बदलला. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना अपत्यहीन पुरुषांच्या एका लहान गटात हा बदल दिसला, आणि वंध्यत्वाचे कारण हेच तर नसेल, अशी शंका त्यांनी मांडली. शंका रास्त होती. परंतु शास्त्र शंकेवर थांबत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी अधिक तपास केला आणि २००८ मध्ये दाखवून दिले, की या बदलाचा पुरुषाच्या वंध्यत्वाशी मेळ बसत नाही.

असे का व्हावे? ३४ व्या दुव्याच्या दोन्ही बाजूंना अर्जिनिनच आहे. २४ पैकी एक गेला तरी २३ उरतात. पुष्कळ पट्ट्यांपैकी एक सैल झाल्याने रुईची गाठ सुटत नाही. निरनिराळ्या सस्तन प्राण्यांची प्रोटामिने ताडून पाहिली, तर अर्जिनिनच्या जागा बदललेल्या दिसतात, पण त्याचे एकूण प्रमाण बहुधा टिकून राहते. शिवाय हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे हा बदल आईकडूनही येऊ शकतो आणि वडिलांकडूनही. ज्याला तो वडिलांकडून मिळाला, त्याचे वडील बाप झाले होते, हे तर उघडच आहे!

मात्र ‘एका दुव्याने काय होणार?’ असेही म्हणून चालणार नाही. आपल्याच सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. तेथेही रक्तातील हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा, एकच दुवा बदललेला असतो. हे इनग्रॅम यांनी १९५६ मध्ये शोधून काढले. आई आणि बाप दोघांकडूनही तो बदल आला, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि रोगी वेदनांनी तळमळतो. बदल दोन्हीकडे एकेका दुव्याचाच. एक निरुपद्रवी, दुसरा प्राणावर बेतणारा. तेव्हा बदल कोठे आहे, त्याने कार्य बिघडते काय, आणि धडधाकट माणसांतही तो आढळतो काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणताही निवाडा करू नये.

हे प्रश्न केवळ प्रयोगशाळेचे नाहीत. मूल होत नाही म्हणून आपल्याकडे आधी सुनेला बोल लागतो; नवस, उपास, औषधे सारी तिच्याच वाट्याला येतात, आणि प्रसंगी दुसऱ्या लग्नाची भाषाही निघते. वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, आणि वीर्याची तपासणी ही स्त्रीच्या पुष्कळशा तपासण्यांहून सोपी असते. तेव्हा पतीने ती आरंभीच करून घ्यावी. त्यात पौरुषाला कमीपणा नाही. आणि तपासणीत एखादा बदल निघालाच, तर त्यालाही लगेच दोषी ठरवू नये. जाणत्या डॉक्टरांकडून त्याचा अर्थ समजून घ्यावा. सुनेवर पुराव्यावाचून ठपका ठेवणे जसे अन्यायाचे, तसेच पुराव्यावाचून तो मुलावर ठेवणेही अन्यायाचेच आहे.