दोन हजार फेरे

पहाटे 5:40. महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर अजून अंधार आहे. डिसेंबरचा गारठा. पाण्यावर वाफ. मिस्त्री गळ्यापर्यंत पाण्यात बसलेत आणि पाण्याखाली उजवा हात गोल फिरवतायत. पुढे, मागे, पुढे. लांबून माणसं गाडी करून इथे येतात, कुणी त्वचेसाठी, कुणी गुडघ्यांसाठी. मिस्त्रींचं घर चालत सात मिनिटांवर. "डाक्टरनं शेक घ्यायला सांगितलाय," ते म्हणतात. "इथं फुकट हाय." डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हँडल फिरवायचं काम बंद करा. ते मात्र जमलेलं नाही.

6:45. वर्कशॉप म्हणजे पूर्वीचा गोठा. गव्हाण तशीच आहे, आता तिच्यात नटबोल्टचे डबे. एका भिंतीला राजकोटचा साडेचार फुटी लेथ, समोर मिलिंग मशीन. हे मशीन पुरातलं. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा हे एका कारखानदाराच्या शेडमध्ये बुडालं. मालकाने पुन्हा शेड उघडलीच नाही. भंगारवाल्याच्या काट्यावर मशीन भरलं 325 किलो. किलोला 35 रुपये, म्हणजे 11,375. गाळ काढायलाच मिस्त्रींना दीड महिना लागला. डायलच्या आकड्यांमध्ये तो अजून बसलेला आहे, पिवळा, टाचणीनेही निघत नाही.

दारावर पत्र्याची पाटी आहे: लेथ, मिलिंग, वेल्डिंग. पाटी लावली त्या महिन्यात दोन जण भाताची पोती घेऊन आले होते. मिलिंग म्हणजे राईस मिलच असणार की!

7:30. आजचं कारण टेबलावर रांगेत ठेवलंय. 24 शाफ्ट, 28 मिलिमीटर जाडीचे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराचे. प्रत्येकावर एक की-वे, म्हणजे लांबट खाच, पाडायचा: 8 मिलिमीटर रुंद, 4 खोल, 60 लांब. एका की-वेचे 80 रुपये. आठचाच कटर लावायचा, त्यामुळे टेबल सरकतं 52 मिलिमीटर. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे 5 मिलिमीटर. एका कटाला दहा फेरे आणि वर थोडं. एका वेळी अर्धा मिलिमीटर खोल, म्हणजे आठ कट. मिस्त्री खडूने भिंतीवर गुणाकार मांडतात. एका शाफ्टला 83 फेरे. चोवीसला 1,992.

"दोन हजार म्हण," ते पुतण्याला सांगतात. "ह्या खांद्यानं."

म्हणून टेबल सरकवायला, म्हणजे फीडला, मोटर. तयार फीड बाजारात मिळतो. त्यांनी पुण्याच्या एका दुकानात फोन करून भाव विचारला होता. आकडा मला सांगितला नाही, "बरं" म्हणून फोन ठेवला एवढंच सांगितलं.

8:15. सामान गोणपाटावर ओतलं. गोवा हायवेवरच्या एका गॅरेजातून आणलेली जुन्या जीपची वायपर मोटर, 550. ही निवड हुशारीची आहे. वायपर मोटर मुळातच संथ असते. आत वर्म गिअर असतो, त्यामुळे छोटी मोटर भरधाव फिरली तरी बाहेरची दांडी मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरेच घेते, आणि घेते ती जोर लावून. पावसात अख्ख्या काचेवरून पातं ओढायचं असतं तिला.

तरीही ती इथे जास्त वेगाची. या कटरला, या लोखंडाला टेबल मिनिटाला 48 मिलिमीटरच्या आसपास सरकायला हवं. म्हणजे स्क्रूचे साडेनऊ फेरे. मोटरचा वीजपुरवठा कमी करून वेग उतरवता येतो, पण फार उतरवला की मोटर कण्हायला लागते. म्हणून मध्ये सायकलची चेन. मोटरवर मागच्या चाकाचं 18 दात्यांचं फ्रीव्हील, स्क्रूवर पायडलची 44 दात्यांची चकती. पंचेचाळीसचे अठरा झाले. मग रेग्युलेटर निम्म्यावर ठेवला की काम झालं. चेन आणि चकत्या भंगारात किलोवर मिळाल्या, 120 रुपये.

8:50. फ्रीव्हील उलटं फिरवलं की टकटक वाजतं आणि ताकद सोडतं. सायकलला ते हवंच असतं, इथे नको. टेबल दोन्ही बाजूंना जायला पाहिजे. पुतण्याने पक्कड धरली, मिस्त्रींनी चार ठिकाणी वेल्डिंगचे ठिपके मारले. टकटक बंद. आतल्या ग्रीसचा धूर झाला. बाहेर शेजारच्या आजी पदर नाकाला लावून गेल्या.

9:20. लेथवर जोडणी. मोठी चकती स्क्रूवर पक्की बसवायची नाही, ही यातली खरी गोम. पक्की बसली तर हाताने टेबल हलवायचंच बंद होईल. म्हणून चकती पितळी बुशवर मोकळी फिरणार. शेजारी एक कॉलर, स्क्रूवर मागेपुढे सरकणारी, तिला दोन खुंट्या. कॉलर आत ढकलली की खुंट्या चकतीच्या भोकांत शिरतात आणि स्क्रू मोटरचा होतो. ओढून घेतली की पुन्हा हाताचा.

बुश कातायला पंचवीस मिनिटं. मिस्त्री डाव्या हाताने लेथचं हँडल फिरवतात. उजव्याने फक्त व्हर्नियर धरतात. शेवटचा कट पाव मिलिमीटरचा. पितळेचा कीस बारीक, चमकता, त्यांच्या चपलेच्या पट्ट्यात अडकलेला.

10:25. लाईट गेली. कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी कानस उचलली आणि खुंट्यांची टोकं हाताने गोल करायला लागले, म्हणजे भोकात शिरताना अडखळणार नाहीत. कानस ढकलायला तोच खांदा लागतो. चार वेळा घासणं, मग थांबणं. पुतण्या आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. तो दोनदा म्हणाला, "काका, मी करतो." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, कानस काढूनच घेतली.

त्या शांततेत मिस्त्री वडिलांचं बोलले. वडील परळला गिरणीत, मेकॅनिक खात्यात. 1982 च्या संपानंतर गावी आले ते एक पेटी घेऊन. पेटीत मायक्रोमीटर आणि दोन गुण्ये. दोनपैकी एक गुण्या अजून वापरात आहे. दुसरा कुठे गेला यावरून घरात अजून वाद होतो.

11:40. लाईट आली. आता वायरिंग. हा पुतण्याचा प्रांत. 12 व्होल्ट, 10 अँपिअरचा पॉवर सप्लाय 650. वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर 320. डावीकडे-बंद-उजवीकडे असा सहा पायांचा टॉगल. त्याने मोटर मशीनवर टेकवून एका दिशेला चालवून पाहिली, छान. टॉगल उलटा केला आणि ठिणगी उडाली. पॉवर सप्लायचा हिरवा दिवा विझला.

पाच मिनिटं दोघेही मोटरकडे नुसते बघत होते. मग मिस्त्रींनीच ओळखलं. गाडीत बॉडी म्हणजेच निगेटिव्ह. बऱ्याच वायपर मोटरमध्ये एक ब्रश आतून थेट बॉडीला जोडलेला असतो, तेवढीच एक वायर वाचते. जीपमध्ये वायपर कधी उलटा फिरवावा लागत नाही. इथे दिशा बदलली की बॉडीवर पॉझिटिव्ह येतं, आणि मशीनच्या सांगाड्याला यांनी आधीच सप्लायचं निगेटिव्ह बांधलेलं. गाड्या दुरुस्त करायची जुनी सवय.

12:20. मोटर उघडली. ब्रश स्प्रिंगच्या जोरावर उडू नयेत म्हणून पुतण्याने सुतळीने बांधून ठेवले. बॉडीला झाळलेली तार सोडवली, तिला नवी वायर जोडली, बाजूला भोक पाडून रबरी बुशातून बाहेर काढली. सांगाड्याची निगेटिव्ह वायर तोडून टाकली. सप्लाय पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावला. हिरवा दिवा लागला. मिस्त्रींनी त्याला पाया पडल्यासारखा हात लावला.

1:30. जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, तव्यावर भाजलेलं सुकट. वहिनी विचारतात, "ह्या चोवीसचे किती मिळायचे?" मिस्त्री भाकरी मोडतात. "एकोणीसशे वीस." "आणि सामानाचे किती गेले?" मिस्त्रींनी आणखी बिरडं मागितलं.

2:35. टेबल टोकाला पोचलं की मोटर आपोआप थांबायला हवी, नाहीतर कटर शाफ्ट खात पुढे जाईल. दोन मायक्रो स्विच, सरकवून जागा बदलता येतील अशा पट्टीवर. पट्टीसाठी प्लास्टिक हवं, जाड आणि सरळ. मिस्त्री घरात गेले आणि शर्टाआड काहीतरी घेऊन आले. भाजी कापायचा पांढरा बोर्ड. हॅक्सॉने त्याचे दोन तुकडे होईपर्यंत स्वयंपाकघरातून हाक आलीच. "अहो, बोर्ड कुठाय माझा?"

प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड. पुतण्या मला समजावतो. टेबल टोकाला जाऊन स्विच दाबला गेला की वीज तुटते. मग उलट यायचं कसं? तर डायोड फक्त उलट्या दिशेची वीज जाऊ देतो. पुढे जायला बंदी, मागे यायला मुभा.

4:10. मोटरचा ब्रॅकेट, बेअरिंग, चेन. ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवलीत, म्हणजे चेन ताणता येईल. मग बिनकटाची चाचणी. कॉलर आत. खट्. टॉगल उजवीकडे. टेबल हललं, आणि डाव्या टोकाचं हँडल कुणी हात न लावता फिरायला लागलं. "काका, भूत," पुतण्या म्हणाला. मिस्त्रींनी घड्याळ धरलं. एका मिनिटात अकरा फेरे. रेग्युलेटर जरा मागे. साडेनऊ. त्या जागी रंगाचा ठिपका.

5:00. पहिला शाफ्ट व्ही ब्लॉकवर. बेल्ट बदलून कटर मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आसपास. पहिलाच कट थरथरला, की-वेच्या भिंतीवर लाटा उमटल्या. मिस्त्रींनी मोटर थांबवली आणि कान लावावा तशी चेनवर बोटं ठेवली. सैल होती. ती ताणली, टेबलाच्या पट्ट्या आवळल्या. दुसरा कट सरळ गेला, एकसारखी शीळ घालत. हाताच्या फीडला असा आवाज येत नाही. हात कुठेतरी थांबतोच, आणि तिथे कटर घासून जातो.

पण टोकावर ते स्विचवर विसंबत नाहीत. अर्धा मिलिमीटर आधीच टेबल थांबवायचं, कॉलर ओढायची आणि उरलेलं हाताने न्यायचं. "तेवढा माझा," म्हणतात. एका कटाला एक मिनिट आणि पाच सेकंद. या वेळात काय करायचं ते त्यांना कळत नाही. कधी ब्रशने तेल लावतात, कधी कीस झाडतात. एकदा डावा हात आपोआप फिरत्या हँडलवर गेला आणि त्याच्याबरोबर फिरत राहिला.

7:50. अकरा शाफ्ट झाले. तेरा उद्या, दुपारच्या टेम्पोआधी. पुतण्या कीस गोळा करून डब्यात भरतो, तोही भंगारात जातो. मोटरवर दवापासून प्लास्टिकची पिशवी, वर दोरा. मिस्त्री भिंतीशी जाऊन सकाळच्या गुणाकाराखाली खडूने लिहितात. मोटर 550. सप्लाय 650. रेग्युलेटर 320. बेअरिंग दोन, 180. टॉगल, स्विच, डायोड, वायर मिळून 210. चेन 120. बेरीज 2,030. दारात वहिनी उभ्या आहेत, हातात बोर्डाचा उरलेला तुकडा. मिस्त्री बेरीज पुसतात आणि खाली आणखी एक ओळ घालतात. बोर्ड 150.