पट्टीखालचा रंग

तंजावरला दिवाळी पावसात येते. आपल्याकडे आभाळ निवळतं त्या सुमारास कावेरीच्या मुलखात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत भिंतींची ओल हटत नाही. अशा हवेत लोखंडाचं काय होतं, ते माझ्या चुलतआत्यांच्या घरी पाहिलं. मागच्या पडवीत, भाताच्या रिकाम्या पोत्यांआड एक रॅले सायकल भिंतीला टेकून उभी होती. टायर कुजून रिमला चिकटलेले, चेनच्या कड्या गंजून एकमेकींत घट्ट बसलेल्या. आत्यांचे वडील तिच्यावरून कचेरीत जात. सायकल १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी घेतली, ही त्या घरातली पक्की आठवण. ती पुन्हा चालती व्हावी, एवढंच आत्यांचं मागणं होतं.

मी लगेच हो म्हणालो नाही. त्याआधी काही वर्षं पुण्यात माझ्या आजोबांची रज सायकल मी हौसेनं ‘नवी’ करून घेतली होती. पॉलिशपेपरनं घासून, पुटिंग भरून, वर स्प्रेचा चकचकीत काळा रंग. सगळ्यांनी वाहवा केली. मग एक दिवस लक्षात आलं, की चिमट्यावरच्या हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा गेल्या, विकणाऱ्या दुकानाचं नाव असलेली चिकटपट्टी गेली, आजोबांनी सीटखालच्या नळीवर दाभणानं कोरलेली आद्याक्षरंही गेली. ती सायकल कोणत्या साली, कोणत्या गावी घेतली, हे सांगू शकणारं दुसरं काहीच आमच्याकडे नव्हतं. ती चुटपुट अजून जात नाही.

जुन्या सायकलीची कागदपत्रं तिच्या अंगावरच असतात. पेडलची चक्रीच पाहा. रॅलेच्या चक्रीत बगळ्यांची डोकी कापलेली असतात, रजच्या चक्रीत उघडा पंजा, हंबरच्या चक्रीत फेर धरलेली माणसं, बीएसएच्या चक्रीत तीन अक्षरं. रॅलेनं १९३२ साली हंबर घेतली, १९४३ साली रज, १९५७ साली बीएसएचा सायकलविभाग. तरी ही चिन्हं पुढेही बराच काळ चालू राहिली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळ बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन बंदुका रचलेल्या. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल पाहता येते. एकेका सायकलीपुढे थांबत गेलं की ही सगळी भाषा हळूहळू वाचता येऊ लागते.

तंजावरचं काम स्वीकारलं ते एका अटीवर: रंगाला हात लावायचा नाही. आत्यांनी विचारलं, मग गंजाचं काय? गंज काढायचा, पण रंग ठेवून. रॉकेलात भिजवलेल्या मऊ कापडानं आधी वर्षानुवर्षांचा चिकटा निघाला. निकेलच्या भागांवर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य पाणी वापरलं. ते विषारी असतं, हातमोज्यांशिवाय आणि मुलांच्या आसपास हे काम करू नये. आम्ल लोखंडाच्या गंजाला विरघळवतं, धातूला फारसं खात नाही, पण वेळेवर धुवून लगेच तेलाचा हात फिरवला नाही तर तंजावरच्या हवेत रातोरात पुन्हा तांबूस झाक येते.

मग कॉटर. क्रँक ज्या पाचरीनं धुरीला पक्का बसतो ती कॉटरपिन ठोकून काढताना हमखास वाकते, आणि हातोड्याचा सगळा दणका आतल्या छर्‍यांवर बसून बेरिंगच्या वाटीत खड्डे पडतात. क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी नळीचा टेकू द्यायचा, दोन दिवस आधीपासून तेल सोडायचं, नट दोन आटे लावून ठेवायचा आणि एकच जोरकस घाव घालायचा. आमची दुसऱ्या घावाला सुटली. वाटी मात्र गेलेली होती, आणि इथे रॅलेची खोड आडवी आली. बाजारातल्या सर्वसाधारण इंग्रजी धर्तीच्या वाटीला इंचाला २४ आटे असतात, रॅलेच्या स्वतःच्या वाटीला २६. दुकानदार म्हणेल, बसते, जोर लावा. लावू नका. दोन फेऱ्या जाते आणि सांगाड्याचे आटे कायमचे मरतात. जुन्या वाट्यांतली त्यातल्या त्यात बरी शोधायला तीन आठवडे लागले, पण मिळाली.

टायरचा प्रश्न मात्र सहज सुटला. २८ बाय दीडचा टायर आपल्याकडे आजही साध्या दुकानात मिळतो. १९४९ साली मद्रासच्या मुरुगप्पा घराण्यानं इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स सुरू केली आणि अंबत्तूरहून हर्क्युलस निघू लागली. पुढे असनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियान्याला हीरो. या सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचाच साचा पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवला, त्याचा हा फायदा.

आता या सायकलीचं कोडं. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब होता. हा हब म्हणजे घड्याळासारखं काम. मधे २० दात्यांचं स्थिर चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रं, बाहेर ६० दात्यांचं कडं. त्यामुळे वरच्या गिअरला चाक एकतृतीयांशानं जास्त फिरतं, खालच्याला चतुर्थांशानं कमी. उघडला तर आत मधासारखा पिवळा चिकट थर. कुणीतरी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातलं तिळाचं तेल घातलं होतं. तमिळ घरात हाताशी असणारं तेल तेच. पण तिळाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं आणि मग केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा हलतच नाहीत. रॉकेलात दोन रात्री ठेवल्यावर हब मोकळा झाला, आणि पुसताना वरचे आकडे दिसले: ५२, त्यापुढे ६. स्टर्मी-आर्चरचा नॉटिंगहॅमचा कारखाना त्या काळात हबवर वर्ष आणि महिना ठोकत असे. जून १९५२.

म्हणजे १९४७ ची आठवण चुकीची? आत्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितलेली होती.

उत्तर सापडलं ते गिअरच्या तारेसाठी आडव्या नळीवर आवळलेल्या लहानशा पट्टीखाली. कारखान्यातच ती लावली असती, तर तिच्याखालचा रंग कोरा करकरीत निघाला असता, कारण ऊन, घाम, ओरखडे तिथे पोचलेच नसते. पट्टी काढली, भिंग धरलं. खालचा काळा रंगही मावळलेला होता, आणि एक लांब ओरखडा पट्टीच्या एका बाजूनं येऊन तिच्याखालून सरळ पलीकडे गेला होता. ओरखडा आधीचा, पट्टी नंतरची. सायकल आधी काही वर्षं साधी वापरली गेली आणि मग कधीतरी तिला गिअरचा हब बसवला. हबचा आकडा खरा, आणि तो घराच्या आठवणीला खोटं पाडत नव्हता. मी आत्यांना भिंगातून तो ओरखडा दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. पुण्यातल्यासारखा इथेही पॉलिशपेपर फिरवला असता, तर आज त्या घरात वडिलांची गोष्ट खोटी ठरली असती.

सोनेरी रेघा पुन्हा ओढायचा मोह झाला, हे कबूल करतो. सोन्याच्या वर्खाची चित्रं काढणारे हात या गावात आजही आहेत. रेघ त्यांनी सुरेख ओढली असती. पण त्याच आठवड्यात सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो होतो. तिथल्या पोथ्यांना कीड लागू नये म्हणून वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कापूर यांच्या पुडीच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी रीत आहे. पोथी जपतात, पुसट अक्षरावर कुणी नवं अक्षर गिरवत नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्यातली झिजलेली अक्षरं कुणी छिन्नीनं खोल करू लागला, तर आपण त्याचा हात धरू. सायकलीलाही तोच न्याय लावला. उरलेल्या रेघांवर फक्त मेणाचा पातळ हात दिला.

तमिळमध्ये सायकलीला मिदिवंडी म्हणतात, पायानं तुडवायची गाडी. आत्यांना लहानपणी ती तुडवू दिली नाही; आडवी दांडी, मुलींनी कसं बसायचं? इथून साधारण ६० किलोमीटरवरच्या पुदुकोट्टईत १९९१ पासून, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात, साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. लाखाहून अधिक बाया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती हकिगत लिहून ठेवली आहे. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर मूल बसवता येतं. आत्यांनी त्या बायका रस्त्यानं जाताना पाहिल्या होत्या. सायकल तयार झाली त्या दिवशी पाऊस थांबला होता. आत्या दांडीवर हात ठेवून तिला अंगणातून दारापर्यंत चालवत घेऊन गेल्या, आणि मागच्या हबची टिकटिक ऐकत मी मागून गेलो.

दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही माळ्यावरून किंवा जिन्याखालून अशी एखादी सायकल निघेल. भंगारवाल्याला किंवा रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढं करा: ओल्या कापडानं मागचा हब आणि सीटखालची नळी पुसा, दिसतील ते आकडे वहीत उतरवा, आणि ती कुणी, कधी, कुठून आणली हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारून त्याखाली लिहून ठेवा.