दह्यातले जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती



गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला प्रोबायोटिक कॅप्सूलचा डबा दाखवला. मुलीने प्रेमाने आणून दिलेला. "प्रतिकारशक्ती वाढते म्हणे." बाईंची किमोथेरपी चालू होती. मी म्हटलं, अहो बाई, आधी डॉक्टरांना विचारा, तोवर डबा उघडू नका. त्या जरा रागावल्याच.

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी असे जिवंत जंतू. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. तिथे पेशींचे पुंजके असतात, त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. आतड्यातले जंतू या पेशींना रोज भेटतात आणि त्यातून पेशी शिकतात, कोणाला सोडायचं आणि कोणावर धावून जायचं. मग आयजीए नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात. ती रोगजंतूंना आतड्याला चिकटू देत नाहीत. शिवाय डाळी-भाज्यांतला चोथा आंबवून जंतू ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात. त्याने आतड्याची भिंत मजबूत राहते, सूज आवरते. म्हणून "वाढते" हा शब्द मला पटत नाही. अंगातली शक्ती भलतीकडे वळली तर संधिवात होतो. जंतू तिला वळण लावतात.

हा विचार जुना आहे. 1908 साली नोबेल मिळवलेले मेच्निकॉफ आयुष्य वाढावं म्हणून रोज आंबट दूध घेत. ते गेले 71 व्या वर्षी, माझ्यापेक्षा लहानच!

मग कॅप्सूल घ्यावी का? आपल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेने 2018 साली निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं. काहींच्या आतड्यात कॅप्सूलचे जंतू टिकले, काहींच्या नुसतेच बाहेर पडले. अँटिबायोटिकनंतर ज्यांनी कॅप्सूल घेतली, त्यांचे स्वतःचे जंतू परतायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. ब्रिटनमध्ये 65 वर्षांवरच्या जवळजवळ 3000 रुग्णांवर प्रयोग झाला, 2013 साली निकाल छापून आला. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कॅप्सूलने कमी झाले नाहीत. इतर काही प्रयोगांत फायदा दिसला आहे, पण जंतूची जात कोणती यावर बरंच अवलंबून असतं. पेन्शनमधले पैसे घालण्याआधी एवढं ठाऊक असावं.

किमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी असेल, तर हेच जंतू क्वचित रक्तात शिरतात आणि जिवावर बेततं. बाईंच्या डॉक्टरांनीही उपचार संपेपर्यंत कॅप्सूल बंद सांगितली.

बाकीच्यांनी दही, लेबेन खुशाल खावं. रात्री मटण असेल तर सकाळी खा, म्हणजे कश्रुतचा प्रश्न नाही. कढी उकळली की जंतू मरतात, चव तेवढी राहते. काही अँटिबायोटिक गोळ्या दुधा-दह्याबरोबर अंगी लागत नाहीत. किती तासांचं अंतर ठेवायचं ते फार्मसीत विचारून घ्या.

आणि अँटिबायोटिकनंतर दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले, ताप आला किंवा रक्त पडलं, तर दहीभातावर दिवस काढू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील नावाचा जंतू असू शकतो, आपल्या वयात तो फार त्रास देतो. त्याच दिवशी कुपत खोलिमला फोन करा. घरच्यांना हात साबण-पाण्यानेच धुवायला सांगा, अल्कोहोलच्या जेलने तो जंतू मरत नाही.