घमेलं, हळद आणि लोणारचं तळं

आमच्या लोणारातल्या आठवीच्या कुठल्याही पोराला विचारा, "सरोवर कशामुळे झालं?" उत्तर तोंडपाठ : "उल्कापातामुळे!" पुढे "कशावरून?" म्हटलं की गाडी अडते. यात दोष पोरांचा नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे प्रयोगाचं कपाट फक्त तपासणीच्या दिवशी उघडायचं. पण खरं सांगू का, लोणार समजायला कपाट लागतच नाही. खालचे तीन प्रयोग बघा.

प्रयोग पहिला : खड्डा. घमेल्यात वीतभर कोरडी, चाळलेली रेती भरा, वर रांगोळीचा पातळ थर द्या. काचेची गोटी १०, २० आणि १६० सेंमी उंचीवरून सोडा. दर वेळी रेती सपाट करा आणि खड्ड्याचा व्यास मोजा. आधी पोरांना अंदाज लिहायला लावा. उंची दुप्पट तर खड्डाही दुप्पट, असंच बहुतेक जण लिहितील. प्रत्यक्षात व्यास साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. दुप्पट व्हायला सुमारे १६ पट उंची लागते. का? व्यास दुप्पट झाला की उचलायची रेती आठपट, आणि तीही दुप्पट उंच उचलायची. म्हणजे ऊर्जा सोळापट! आता सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, तोही बेसाल्टमध्ये, याचा हिशोब मनात करून बघा.

आपली गोटी रेतीत सापडते. लोणारला आलेली उल्का मात्र सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आदळली. ती धडक म्हणजे स्फोटच. हा ज्वालामुखी की उल्का, हा वाद बरीच वर्षं चालला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं दाखवलं गेलं. प्रचंड दाबाच्या धक्क्याने फेल्डस्पारची जी काच होते, ती ही. ज्वालामुखीत असा धक्का बसत नाही.

प्रयोग दुसरा : हळद. हळदीच्या पाण्यात टीपकागद भिजवून वाळवा. लिंबाच्या रसात पिवळाच राहतो, धुण्याच्या सोड्यात लाल होतो. जास्वंदीच्या फुलाचं पाणी लिंबात गडद गुलाबी, सोड्यात हिरवं. सरोवराचं पाणी या सोड्याच्याच जातीचं, पीएच १० च्या आसपास. पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतं, सोडियमचे क्षार मागे उरतात.

प्रयोग तिसरा : बटाटा. ग्लासभर (२०० मिली) पाण्यात १५ ग्रॅम मीठ विरघळवा. बटाट्याची फोड टाका, बुडेल. ते पाणी पसरट बशीत उन्हात ठेवा. निम्मं उडालं की परत ग्लासात ओता आणि फोड टाका. आता तरंगेल! मीठ तेवढंच, पाणी कमी. लोणारच्या वाटीतून पाणी वाहून जायला नदीनाला नाही. ते मुख्यतः उन्हानेच जातं. जून २०२० मध्ये पाणी उतरलं, खारटपणा वाढला आणि तळं गुलाबी झालं. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगाने ते झाल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं.

एक सूचना. सरोवर अभयारण्यात आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळ यादीतही. वनखात्याला न विचारता पाणी आणू नका. सोडा आणि मीठ पुरेसं आहे. सांडपाणी आत येत राहिलं तर ही खारी दुनियाच पातळ होईल, हे बटाटा बुडताना पाहिलेल्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही.

होस्टेलवाल्यांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा जुन्या शाळेत एक तास मागून घ्या. वर्कशॉपच्या सरांना विनंती, बेअरिंगचे टाकाऊ छर्रे द्या; गोटीएवढाच पण जड छर्रा टाकून वजनाचा परिणामही मोजता येईल. आणि गड्यांनो, उत्तर आधी सांगू नका. पट्टी त्यांच्याच हातात द्या.