हेन्डरसनची राळ, ब्राझीलचं मेण

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पश्चिमेला, वायटाकेरे डोंगररांगांच्या पायथ्याशी हेन्डरसन आहे. टॉमस हेन्डरसन या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस ओपानुकू ओढ्याकाठी लाकडाची गिरणी घातली आणि वस्तीला त्याचंच नाव पडलं. गिरणीत यायचे ते कौरी वृक्षाचे प्रचंड ओंडके. जंगल तुटलं, गिरणी बंद पडली, तरी कौरीने या मातीत एक ठेवा मागे सोडला होता. हजारो वर्षांत झाडांच्या जखमांतून ठिबकून जमिनीत गाडली गेलेली, मधाच्या रंगाची राळ.

ही राळ कशासाठी लागायची, ते आजच्या गाडीवाल्याला सांगावंसं वाटतं. ती लागायची व्हार्निशसाठी. घोडागाड्या, रेल्वेचे डबे आणि अगदी सुरुवातीच्या मोटारी यांच्या रंगावर शेवटचा पारदर्शक हात व्हार्निशचा असे. जवसाच्या तेलात इतर राळा विरघळवायला जास्त ताप द्यावा लागे. कौरीची राळ कमी तापात मिसळायची, म्हणून कारखानदारांना ती हवीहवीशी होती. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनणाऱ्या तेली व्हार्निशांपैकी सुमारे ७० टक्के व्हार्निशांत ती असे. १८५० ते १९०० या काळात ऑकलंडची सर्वांत मोठी निर्यात हीच होती. १८९९ साली अकरा हजार टनांहून जास्त राळ जहाजांत चढली.

ती खणणारी माणसं फार कष्टाची. लांब टोकदार सळई दलदलीत खुपसायची, टोकाला काही लागलं की फावड्याने खणायचं, आणि रात्री शेकोटीपाशी बसून खड्यांवरची माती चाकूने खरवडायची. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियातून आलेले तरुण यात बरेच होते. १८९८ च्या कायद्याने राळेची काही क्षेत्रं ब्रिटिश प्रजेसाठी राखून ठेवली गेली. डाल्मेशियन त्यात मोडत नव्हते, आणि पुढे त्यांच्यातले कित्येकजण जमिनी घेऊन द्राक्षांकडे वळले. हेन्डरसन व्हॅलीतलं बाबिच घराणं त्यांच्यापैकीच. (हेन्डरसनच्या मळ्यांतलं दुसरं मोठं नाव लेबनॉनहून आलेल्या कोर्बन यांचं, १९०२ मध्ये त्यांनी इथे जमीन घेतली. त्यांच्या वायनरीत आता कलाकेंद्र भरतं.) शेजारच्या मॅसीतला डॉन बक रोड राळ खणणाऱ्यांचा तळ चालवणाऱ्या एका माणसाच्या नावाचा आहे. त्या रस्त्याने रोज हजारो मोटारी जातात.

व्हार्निशचे दिवस १९२३ नंतर झपाट्याने सरले. त्या वर्षी अमेरिकेत ओकलंड या कंपनीच्या मोटारींवर ड्यूपॉन्टचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. व्हार्निशचे थर सुकायला आठवडे लागत; ड्युको तासांत सुकायचा. पण उन्हापावसात त्याची झळाळी जायची आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका पडायचा. तो घासून पुन्हा उजळावा लागे आणि वर मेण चढवावं लागे. शिकागोचं ‘सिमोनाइझ’ १९१० पासून बाजारात होतंच. रविवारी गाडीला मेण लावणं हा कामाचा भाग झाला तो या काळात. १९८० च्या दशकापासून रंगावर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ येऊ लागला. एका अर्थाने व्हार्निशच परत आलं, फक्त ते आता कारखान्यात तयार झालेल्या रेझिनचं.

हेन्डरसनमध्ये आज कुठल्याही पार्किंगमध्ये उभं राहिलं की या क्लिअर कोटची दशा दिसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने जपानहून वापरलेल्या गाड्या मोठ्या प्रमाणावर येऊ दिल्या. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्क गेलं आणि त्याच वर्षी देशात उरलेले जोडणीचे कारखानेही मिटले. तेव्हापासून इथल्या कुटुंबाची गाडी बहुधा वापरलेली जपानी असते आणि ती पुढे बरीच वर्षं चालवली जाते. त्यात इथलं ऊन. उत्तर गोलार्धातल्या तेवढ्याच अक्षांशांपेक्षा न्यूझीलंडच्या भर उन्हाळ्यातली अतिनील किरणं सुमारे ४० टक्के तीव्र असतात. इथल्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, हवा स्वच्छ असते आणि ओझोनही कमी. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचं छप्पर आणि बॉनेट आधी निस्तेज होतात, मग पांढरे चट्टे येतात आणि शेवटी क्लिअर कोटचे पापुद्रे सुटतात. चट्टे एकदा आले की जगातलं कुठलंही मेण ते भरून काढत नाही. तिथे नवा रंगच मारावा लागतो.

मेणाच्या डब्यांवर ‘ऊन अडवतो’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नये. अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी खरी द्रव्यं क्लिअर कोटच्या आतच मिसळलेली असतात. सावली मेणापेक्षा कितीतरी जास्त काम करते. मेणाचं खरं काम वेगळं आणि तितकंच मोलाचं आहे. रंगावर येऊन बसणाऱ्या गोष्टी ते आधी आपल्या अंगावर घेतं. पिहा आणि कारेकारे किनाऱ्यांच्या काळ्या लोहमिश्रित वाळूचे कण, टास्मान समुद्राचं खारं वारं, डिसेंबरमध्ये पोहुतुकावा झाडाचे लाल केसर आणि त्यांचा चिकट मध, आणि साळुंक्यांची विष्ठा. हो, आपलीच साळुंकी. १८७० च्या दशकात ती इथे आणली गेली आणि आज ऑकलंडच्या प्रत्येक कुंपणावर बसलेली असते. तिच्या विष्ठेतलं आम्ल तापलेल्या बॉनेटवर एका दुपारीतही खूण पाडू शकतं. खाली मेण असेल तर आधी झिजतं ते मेण, आणि ओल्या फडक्याने डाग निघण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

चांगलं मेण म्हणजे कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्येला, सेआरा आणि पिआउई या कोरड्या राज्यांत कार्नौबाचा ताड वाढतो. पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा थर चढवतो. पानं तोडून, उन्हात वाळवून, झोडपून तो भुगा काढतात आणि वितळवून गाळतात. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. म्हणजे गडद रंगाची गाडी उन्हात पोळली तरी तो जागचा हलत नाही. नुसता कार्नौबा विटेसारखा कडक असतो, हाताने पसरणारच नाही. म्हणून डब्यात तो खनिज तेलातल्या द्रावकांत आणि मऊ मेणांत मिसळलेला असतो. ‘शंभर टक्के कार्नौबा’ या शब्दांचा अर्थ फार तर एवढाच घ्यावा की मिश्रणातला कार्नौबा भेसळीचा नाही.

आता हाताचं काम. माझ्या मते यातले तीन चतुर्थांश कष्ट मेणाचा डबा उघडण्याआधीचे आहेत. गाडी सावलीत, पत्रा गार. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची आणि एक स्पंज खळबळायची, म्हणजे निघालेली वाळू परत रंगावर घासली जात नाही. धुऊन झाल्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर घालून बॉनेटवरून बोटं फिरवावीत. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा रंग बोटांना खरखरीत लागतो. रेल्वेरुळांजवळ, रहदारीच्या रस्त्यांवर, ब्रेकच्या धुळीतून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात. ते काढायला क्ले बारची वडी, भरपूर साबणपाणी, आणि हलका हात. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कितीही नवी असली तरी.

बारीक ओरखडे पॉलिशने घालवता येतात, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट खरवडणंच. तो सारा थर ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून पातळ. दरवर्षी मशीन फिरवणारे लोक आपल्याच गाडीचं आयुष्य घासून काढत असतात. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत रोज पहाटे कोरड्या पिवळ्या फडक्याने धुळीची गाडी पुसली जाते, तिथेही हेच घडतं, फक्त हळूहळू. बॉनेटवर दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते त्यामुळे.

मग मेण. स्पंजच्या चकतीवर अगदी थोडं, आणि एका वेळी एकच भाग. जाड थर लावल्याने काही वाढत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात. रंगावर धुकं पडल्यासारखं दिसावं इतकंच. थोडा वेळ थांबून बोटाने एक रेघ ओढायची. रेघ स्वच्छ उमटली की पुसायचं, फरकाटली की आणखी थांबायचं. हेन्डरसनच्या दमट हिवाळ्यात हे थांबणं बरंच लांबतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मेण जाऊ देऊ नये, पांढरे डाग बसतात.

थरावर थर चढवण्याबद्दल गाडीवाल्यांच्यात जितकी श्रद्धा आहे तितकी दुसऱ्या कशावर क्वचितच असेल. पाच थर, दहा थर, आरशासारखी खोली. पण पुसल्यानंतर रंगावर उरतो तो मेणाचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, आणि पुढच्या हातातलं द्रावक खालचं मेण थोडं विरघळवून उचलतं. मेणावर मेण साठत जात नाही. दुसरा हात तरीही द्यावाच. पहिल्या हातात कुठेतरी कोपरा सुटलेला असतो, दाराच्या मुठीखाली, आरशाच्या मागे. दुसऱ्याने तो भरून निघतो आणि थर सर्वत्र सारखा होतो. दोन हातांमध्ये किमान अर्धा दिवस, शक्यतो एक रात्र जाऊ द्यावी, म्हणजे पहिल्यातलं द्रावक उडून मेण कडक होतं. तिसऱ्याने दिसण्यासारखा फरक मला तरी पडलेला दिसत नाही. दहा थरांची मेहनत एका दिवशी करण्याऐवजी तीच वर्षभरात वाटून, दर दोन-तीन महिन्यांनी एक हात दिला, तर गाडीला खरा उपयोग होतो.

क्रमही महत्त्वाचा. कृत्रिम पॉलिमरचा सीलंट वापरायचा असेल तर तो आधी, स्वच्छ उघड्या रंगावर, कारण त्याला रंगाला धरून बसायचं असतं. कार्नौबा त्याच्या वर. उलट केलं तर सीलंट मेणावर बसतो आणि मेणाबरोबरच निघून जातो. हल्लीची सिलिकाची सिरॅमिक कोटिंग्ज वर्षं-वर्षं टिकतात आणि नव्या गाडीला ती घ्यावीत असं मी मोकळेपणाने म्हणेन. पण पंधरा वर्षांच्या जपानी गाडीला मेणच शोभतं. ते चुकलं तर पुसता येतं, आणि कुणाही माणसाच्या खिशाला परवडतं.

इथल्या मराठी घरांना वेळ ठरवायला पंचांग उपयोगी पडतं. दसरा इथे वसंतात येतो, तीव्र उन्हाचे महिने नुकतेच सुरू होत असतात. गाडीची पूजा त्या दिवशी करायची असतेच, तर आदल्या शनिवारी धुणं आणि पहिला हात, रविवारी दुसरा. मग हळदीकुंकवाची बोटं बॉनेटवर उमटवावीत. पूजा झाल्यावर ओल्या फडक्याने ती लगेच टिपून घ्यावीत, पांढऱ्या रंगावर विशेषतः. धुण्यासाठी गाडी रस्त्यावर नको, हिरवळीवर उभी करावी. ऑकलंड कौन्सिलही हेच सांगते, कारण रस्त्याकडेच्या गटारांत गेलेलं साबणपाणी कुठेही गाळलं जात नाही. हेन्डरसनमध्ये ते थेट ओढ्यांत उतरतं, ओपानुकूतून हेन्डरसन क्रीकमध्ये आणि तिथून वाइटेमाटा बंदरात.