पांझरेच्या पाण्यात गळ कधी टाकावा

पिंपळनेरला गळाचे वर्ष पहिल्या पुरापासून मोजावे. सह्याद्रीच्या उतारावर पाऊस झाला, पांझरेला गढूळ लोंढा आला, की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. ही चढण अंडी घालण्यासाठी असते. ओढ्याच्या घोटाभर पाण्यात तेव्हा मासा काठीनेही मारता येतो आणि लोक मारतातही. पण रोहूच्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. म्हणून चढणीच्या दिवसांत गळ गुंडाळून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तीही याच कारणाने.

लाटीपाडा आणि जामखेलीसारख्या धरणांची गोष्ट थोडी वेगळी. रोहू, कटला आणि मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. त्यामुळे धरणात मत्स्यबीज सोडावे लागते. हे बीज हवे तेव्हा मिळू लागले ते १९५७ नंतर. त्या वर्षी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुल येथे माशाला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली. सोडलेल्या बीजामागे कुणाचा तरी पैसा आणि राखण असते. धरणाची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथे विचारावे.

भाद्रपद सरता सरता पाणी निवळते आणि खरा हंगाम लागतो. तीन मासे एकाच पाण्यात राहतात, पण वेगवेगळ्या थरांत चरतात. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून आमिषाआधी खोली ठरवावी. तरंगी आणि गळ यांतले अंतर कमी ठेवले तर कटल्याची आशा, वाढवले तर रोहूची. मृगळासाठी तंगुसाला शिसे बांधून गळ तळाला टेकू द्यावा. शेंगदाण्याची ढेप भिजवून कणकेत मळली की गोळा गळावर टिकतो. अंधार पडल्यावर तळाशी गांडूळ लावावे. शिंगाडा आणि वाम दिवसा दगडांच्या कपारीत दडतात, रात्री चरायला निघतात. शिंगाडा काढताना कल्ल्यांमागचे आणि पाठीवरचे काटे सांभाळावेत, ते टोचले की हात बराच वेळ ठणकतो.

पौषातल्या थंडीत माशांची भूक मंदावते. पहाटे काठावर बसण्यात अर्थ नसतो. दुपारी ऊन खाल्लेल्या उथळ पाण्यात थोडेफार हाती लागते, एवढेच.

उन्हाळा मरळीचा. पात्रात डोह तेवढे उरतात, पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पाणवनस्पतीही रात्रभर तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वी त्याची सर्वांत जास्त टंचाई असते. रोहू-कटला तेव्हा वर येऊन तोंड उघडतात, पण खात नाहीत. मरळीचे तसे नाही. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याचा वेगळा अवयव असतो. ती ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येते, हवेचा घोट घेते आणि परत शेवाळाखाली जाते. तिची जागा सापडते ती यामुळेच. घाई न करता डोहाकडे पाहत बसावे. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बुडबुडा फुटला, की त्याच्या थोडे पलीकडे जिवंत लहान मासळी किंवा बेडूक लावलेला गळ टाकून हळूहळू ओढत आणावा. तंगूस जाड हवा, कारण गळ लागताच मरळ वनस्पतींच्या गुंत्यात शिरते.

पावसाच्या तोंडावर मात्र पाणी नीट निरखावे. पृष्ठभागावर तांबूस पिलांचा दाट घोळका दिसला, तर त्यांचे आईबाप खालीच राखणीला असतात. पिलांजवळ आलेल्या कशावरही ते तुटून पडतात, त्यामुळे भूक नसली तरी गळाला लागतात. ते गेले की उरलेले मासे पिलांचा फडशा पाडतात. असा घोळका दिसला तर तो डोह सोडून पुढच्या डोहाला जावे.