पिल्लाच्या ताटातली पेंड

पडघ्याहून शहापूरकडे निघालात आणि हायवे सोडून आतल्या गावांत शिरलात, की लांबट, जाळीच्या पोल्ट्री शेड दिसतात. एखादी तुमच्या घरचीही असेल. बॅच उतरली की आपण आधी ब्रूडरचा दिवा बघतो, मग पाणी. पण पिल्लांपुढच्या खाद्यात नेमकं काय असतं, हे कधी विचारलंय?

त्यात मोठा वाटा मक्याचा. तो ऊर्जा देतो. अंग धरतं ते मुख्यतः सोयाबीनच्या पेंडीवर, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या भाषेतल्या ‘डीओसी’वर. तिच्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात. अडचण भावाची. २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं आणि पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. ऑगस्टमध्ये केंद्रानं जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. माल उतरवायच्या ठिकाणांत आपलं न्हावाशेवाही होतं. पोल्ट्रीवाल्यांना दिलासा मिळाला, पण सोयाबीन पिकवणाऱ्याच्या पोटात गोळा आला.

मग तुम्ही म्हणाल, दुसरी पेंड घाला की! शेंगदाणा आहे, सूर्यफूल आहे, सरकी आहे, तीळ आहे. बरोबर. पण खाणारं कोण, ते आधी बघा.

ब्रॉयलरचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम ४० ग्रॅमचं असतं. सात दिवसांत ते साधारण चौपट व्हायला हवं. एवढी घाई, आणि पचनसंस्था अजून कच्ची. सूर्यफुलाच्या पेंडीत चोथा जास्त, तो त्याला झेपत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिनं भरपूर, पण लायसिन आणि मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं कमी. तिळात मेथिओनिन चांगलं, तर लायसिन तोकडं. म्हणजे पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा सारखा असला, तरी पिल्लाला मिळतं ते सारखं नसतं.

आणि बुरशी? १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली. आधी रोगाचं नावच सापडेना. शेवटी बोट गेलं खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीकडे. बुरशीनं तयार केलेलं ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. आपल्या कोकणपट्टीतल्या पावसाळी दमट हवेत ओल धरलेलं पोतं म्हणजे त्या बुरशीला आमंत्रणच.

मग पर्याय नाहीच का? आहे, पण तारतम्यानं. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल, तर खाद्य कंपनीचंच. त्यात हात घालू नका. घरी खाद्य मिसळत असाल, तर पहिले दोन आठवडे सोयाच राहू द्या. पुढे दुसरी पेंड थोडीच घाला, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं लायसिन-मेथिओनिनची भर घाला, आणि पोतं घेताना अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीचा रिपोर्ट मागा.

नवं मिश्रण सगळ्या शेडला एकदम देऊ नका. शेडचा एक कोपरा जाळी लावून वेगळा करा. तिथली वीस आणि बाहेरची वीस पिल्लं दर आठवड्याला काट्यावर तोला. पेंडीत किलोमागे वाचलेले चार रुपये वजनात गेले, तर ती स्वस्त कसली? वहीत आकडे लिहायचं काम तुमच्याकडे घ्या. घरातले मोठे अंदाजानं सांगतील. तुम्ही वही पुढे करा.